एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला कोणते सेल घालावेत? (आणि प्लेस्टेशनवाल्यांनी काय करावं)

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये अजूनही दोन पेन्सिल सेल (एए) टाकावे लागतात, यावरून प्लेस्टेशनवाले हसतात. हसू द्या. २०२० साली सिरीज एक्स आणि सिरीज एस आले तेव्हाही मायक्रोसॉफ्टने कंट्रोलरच्या पाठीवरचं ते झाकण ठेवलं, आणि वस्तू पाच-सहा वर्षं वापरायची असेल तर ते झाकण ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. आत बसवलेली लिथियम बॅटरी रोजच्या वापरात काही वर्षांनी थकतेच आणि मग स्क्रूड्रायव्हर शोधावा लागतो. इथे सेल थकला तर झाकण उघडायचं आणि दुसरा टाकायचा. मात्र हा फायदा कुठला सेल टाकता त्यावर ठरतो, आणि तिथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात.

कोपऱ्यावरच्या दुकानात ‘दोन पेन्सिल सेल द्या’ म्हटलं की हातात बहुतेक वेळा कार्बन-झिंकचे सेल पडतात. घड्याळ आणि टीव्हीच्या रिमोटसाठी ते ठीक आहेत. कंट्रोलरला ते पुरत नाहीत, कारण त्यांचा आतला रोध जास्त असतो. नुसती स्टिक फिरवताना काही जाणवत नाही. गाडी आदळली, बॉम्ब फुटला, व्हायब्रेशनच्या मोटरी एकदम फिरल्या की सेलचं व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि कंट्रोलर तुटून पुन्हा जोडला जातो. लोकांना वाटतं ब्लूटूथ गंडलंय. तोच ‘संपलेला’ सेल कंट्रोलरमधून काढून भिंतीवरच्या घड्याळात घाला, पुढे कित्येक महिने चालेल. घड्याळाला मागायचंच इतकं थोडं असतं.

अल्कलाइन सेल हे काम नीट करतो. मायक्रोसॉफ्टचा ४० तासांपर्यंतचा दावा सेलवरचाच आहे. व्हायब्रेशन चालू आणि कंट्रोलरच्या जॅकला हेडफोन लावलेला असेल तर त्यातले बरेच तास वजा करा. पण रोज दोन-तीन तास खेळणाऱ्याला दर दोन-तीन आठवड्यांनी नवी जोडी घ्यावी लागते. शिवाय आत विसरलेला अल्कलाइन सेल गळतो. म्हणून पाहुणे आल्यावर काढायला एक जोडी ड्रॉवरमध्ये असू द्यावी, त्यापेक्षा जास्त नाही.

कंट्रोलरसाठी खरी निवड आहे ती निकेल-मेटल हायड्राइडच्या, म्हणजे निमच्या रिचार्जेबल सेलची. त्यातही स्वतःहून कमी उतरणारे घ्यावेत, ज्यांच्यावर ‘रेडी टू यूज’ किंवा ‘प्री-चार्ज्ड’ लिहिलेलं असतं. पॅनासॉनिकचा साधा पांढरा एनेलूप यात अजूनही पहिला. किमान १९०० मिलिअँप-अवर क्षमता आणि २१०० वेळा चार्ज होण्याचा दावा. काळा एनेलूप प्रो २५०० चा असतो, पण त्याचा दावा ५०० वेळांचाच. कंट्रोलरसाठी प्रोवर जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. एका चार्जमध्ये काही तास जास्त मिळतात, पण आयुष्य चौथ्या हिश्शावर येतं. हौस असेल तर कॅमेऱ्याच्या फ्लॅशसाठी घ्या. इकियाचा लाड्डा २४५० हाही भरवशाचा सेल. नवी मुंबईत तुर्भ्याच्या दुकानात फेरी होणारच असेल तर चारचं पाकीट उचलून आणावं. ज्यांच्यावर ३०००, ३३०० किंवा ३६०० छापलेलं आहे असे अनोळखी नावाचे सेल सरळ सोडून द्या. या आकाराच्या निम सेलमध्ये चांगल्या कंपन्या २५०० च्या आसपास थांबतात. त्यापुढचा आकडा छापखान्यात तयार होतो.

‘पण रिचार्जेबल १.२ व्होल्टचा असतो आणि साधा १.५ चा, मग चालेल का?’ हा प्रश्न हमखास येतो. चालतो, आणि चांगला चालतो. अल्कलाइन १.६ च्या आसपास सुरू होतो खरा, पण तिथून सतत घसरत राहतो आणि आयुष्याचा मोठा भाग १.३ च्या खालीच काढतो. निम सेल चार्जरमधून निघताना १.४ च्या वर असतो, थोड्या वेळात १.३ वर येतो आणि मग बराच काळ १.२ ते १.२५ मध्ये ठाण मांडून बसतो. शेवटी मात्र कडा कोसळावा तसा उतरतो. स्क्रीनवरचं बॅटरीचं चिन्ह म्हणूनच या सेलवर फसवं असतं. तासन् तास एकाच पट्टीवर राहतं आणि नंतर इशारा मिळून कंट्रोलर बंद पडेपर्यंत फार वेळ जात नाही. विंडोजवर एक्सबॉक्स अ‍ॅक्सेसरीज अ‍ॅपमध्ये किंवा गेम बारमध्ये पातळी दिसते, पण तिच्यावर विसंबून स्पर्धेला बसू नका. भरलेली जोडी शेजारी ठेवा, एवढा एकच उपाय आहे.

सेलची तब्येत खरी कळते ती मल्टिमीटरवर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळणारा साधा पिवळा मीटर पुरतो. चकती डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक सेलच्या बोंडाला, काळं बुडाला. चार्ज करून एक दिवस ठेवलेला चांगला निम सेल १.३० ते १.३५ दाखवेल. १.२० ते १.२५ म्हणजे मधला काळ, १.१ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामा, ०.९ च्या खाली गेलेला सेल गरजेपेक्षा जास्त पिळला गेलाय. पण नुसतं असं मोजून थकलेला सेल पकडता येत नाही. भार नसताना म्हातारा सेलही १.३० दाखवतो. त्यासाठी ४.७ ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर घ्या आणि त्याची दोन्ही टोकं सेलच्या दोन्ही टोकांना टेकवा. साधारण पाव अँपिअर प्रवाह वाहू लागेल. दहा सेकंद थांबून व्होल्टेज बघा. चांगला सेल काही शतांशांनी खाली येतो, १.३२ चा १.२७-१.२८ होतो. जो ०.१५ किंवा त्याहून जास्त कोसळतो, तोच कंट्रोलरमध्ये व्हायब्रेशनला दगा देणारा. त्याला घड्याळात पाठवा. रेझिस्टर बोटांना गरम लागेल, म्हणून तो जास्त वेळ टेकवून ठेवू नका. आणि मीटरची चकती चुकूनही १० अँपिअरवर ठेवून सेल मोजू नका. त्या खुणेवर मीटर म्हणजे जवळजवळ एक सरळ तार असते, सेल शॉर्ट होतो.

दोन सेल कंट्रोलरमध्ये एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे जोडीतला कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलट्या दिशेने ढकलतो. जोड्या मोडण्यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. पाकीट फोडलं की मार्करने अ-अ, ब-ब असं लिहा, शेजारी महिना आणि वर्ष टाका, आणि जोडी कायम एकत्र वापरा, एकत्र चार्ज करा. नवा आणि जुना, किंवा एनेलूप आणि दुसरा कुठला, अशी लग्नं लावू नका.

सेलइतकाच महत्त्वाचा चार्जर, आणि पाकिटासोबत येणाऱ्या स्वस्त चार्जरनेच चांगले सेल मारले जातात. पॅनासॉनिकचेच तीन घ्या. बीक्यू-सीसी५१ दोन किंवा चार सेल जोडीने चार्ज करतो आणि घड्याळावर, म्हणजे ठरावीक तासांनी थांबतो. जोडीतला एक अर्धा भरलेला असेल तर तो जास्त तापतो आणि दुसऱ्याचं पोट भरत नाही. बीक्यू-सीसी१७ प्रत्येक खण वेगळा सांभाळतो, एक सेलही चार्ज करतो, पण सावकाश. एनेलूपला साधारण सात तास. रात्री लावला की सकाळी तयार, कंट्रोलरला एवढं पुरतं. बीक्यू-सीसी५५ तोच गुण ठेवून वेगवान आहे: दोन सेल दीड तासात, चार सेल तीन तासांत, आणि प्रत्येक खणाच्या दिव्याचा रंग सेल किती भरलेला आहे ते सांगतो. घरात दोन कंट्रोलर असतील तर सीसी५५ घ्यावा, एकच असेल तर सीसी१७ पुरे. दुसऱ्या कंपनीचा घेताना ओळखायची सोपी खूण अशी: चार खणांना दोनच दिवे असतील तर तो जोडीने चार्ज करणारा आहे, परत ठेवून द्या.

चार्ज होताना सेल कोमट होणं साहजिक आहे. हातात धरवत नाही इतका गरम झाला तर चार्जर थांबायची वेळ ओळखू शकलेला नाही, किंवा सेल संपलाय. फ्रिजवर, सेट-टॉप बॉक्सवर किंवा उन्हाच्या खिडकीत चार्जर ठेवू नका. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी चार्जिंगच लावू नये, रात्री लावावं.

आता मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा रिचार्जेबल पॅक. यूएसबी-सी केबलसह येतो, चार तासांच्या आत भरतो, खेळता खेळताही चार्ज होतो. नीट बसतो, चालतो, तक्रारीला जागा नाही. तरीही शिफारस करता येत नाही. दर हलते असतात, पण जवळपास तेवढ्याच पैशांत चार एनेलूप आणि बरा चार्जर येतो; ते सेल कॅमेऱ्यात, खेळण्यात, टॉर्चमध्येही चालतात. पॅक थकला की त्याचा दुसरा उपयोग शून्य. शिवाय एक्सबॉक्स वनच्या काळातला पॅक आणि सिरीजचा पॅक वेगळे आहेत, जुना स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. ज्याला सेल काढण्या-घालण्याचा मनापासून कंटाळा आहे आणि केबल सोफ्यापर्यंत पोचते, त्याने पॅक घ्यावा.

याला लागूनच एक गैरसमज. कंट्रोलरमध्ये एनेलूप आहेत, त्याला यूएसबी-सी केबल जोडून रात्रभर ठेवलं आणि सकाळी सेल तसेच. ते तसेच राहणार. चार्जिंगसाठी खणात वेगळे टोक असतात आणि ते फक्त पॅकला लागतात, पेन्सिल सेलला नाही. केबल जोडलेली असताना कंट्रोलर केबलवरच चालतो, सेल काढून टाकले तरी चालतो. म्हणून पीसीवर टेबलाशी बसून खेळणाऱ्याने सरळ केबल लावावी. सेलचा प्रश्नच मिटतो.

गेली काही वर्षं १.५ व्होल्टचे लिथियम-आयन पेन्सिल सेल खूप दिसतात. काहींच्या अंगावरच यूएसबी-सीचं भोक असतं. आत ३.७ व्होल्टचा छोटा लिथियम सेल आणि व्होल्टेज उतरवणारं एक सर्किट बसवलेलं असतं. व्होल्टेज शेवटपर्यंत १.५ राहतं, त्यामुळे व्हायब्रेशन ठसठशीत लागतं आणि स्क्रीनवर बॅटरी सतत ‘भरलेली’ दिसते. मग एका क्षणी सगळं अंधार. काही कंपन्या शेवटच्या टप्प्यात व्होल्टेज मुद्दाम १.१ पर्यंत पाडतात, म्हणजे कंट्रोलरला इशारा देता येतो. घ्यायचेच असतील तर असे घ्या. त्यांच्या खोक्यावरचा आकडा मात्र नीट वाचा. तो मिलिवॉट-अवरमध्ये असतो आणि मोठा दिसतो. ३००० मिलिवॉट-अवर म्हणजे १.५ ने भागून २००० मिलिअँप-अवर. एनेलूपचे १९०० गुणिले १.२ म्हणजे २२८० मिलिवॉट-अवर. फरक आहे, पण खोकं भासवतं तेवढा नाही. हे सेल निमच्या चार्जरमध्ये घालायचे नाहीत, त्यांचाच चार्जर लागतो. आणि १४५०० नावाचे, दिसायला अगदी तसेच पण सर्किट नसलेले ३.७ व्होल्टचे सेल कंट्रोलरमध्ये कधीही नाहीत: दोन मिळून ७.४ व्होल्ट होतात आणि ३ व्होल्टवर चालणारा बोर्ड जळतो.

सगळं करूनही कंट्रोलर मध्येच बंद पडत असेल तर खणातल्या स्प्रिंगा बघा. पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर आत सेल गळलाय. अल्कलाइनचं गळणं अल्कधर्मी असतं, म्हणून इअरबडला पांढऱ्या व्हिनेगरचा थेंब लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने व्हिनेगर काढा आणि पूर्ण वाळू द्या. पूड नसेल आणि झाकण दाबल्यावर कंट्रोलर सुरू होत असेल तर स्प्रिंग दबून सैल झाली आहे. चिमट्याने हळूच एखादा मिलिमीटर पुढे ओढली की पकड येते. खेळ संपल्यावर पीसीवर जोडलेला कंट्रोलर मधलं बटण पाच-सहा सेकंद दाबून बंद करायची सवय लावा.

प्लेस्टेशनवाल्यांचं गणित वेगळं. पीएस४ च्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे ड्युअलशॉक ४ मध्ये, आतच बसवलेली १००० मिलिअँप-अवरची बॅटरी आहे, पीएस५ च्या ड्युअलसेन्समध्ये १५६०. आकडा वाढला तसा खर्चही वाढला: हॅप्टिक्स (हाताला जाणवणारी बारीक कंपनं), ट्रिगरमधल्या मोटरी, माइक, स्पीकर. महागड्या ड्युअलसेन्स एजमध्ये तर १०५०च आहे, आणि तेवढ्या पैशात ते खटकतं.

आधी सेटिंग. पीएस५ वर अ‍ॅक्सेसरीजमध्ये जाऊन व्हायब्रेशन आणि ट्रिगर इफेक्ट ‘वीक’ करा किंवा बंद करा, इंडिकेटर ‘डिम’ करा, स्पीकरचा आवाज शून्यावर आणा. यात फरक पडतो तो व्हायब्रेशन आणि ट्रिगरने. दिव्याच्या मंदपणाने थोडासाच. मग सिस्टिम, पॉवर सेव्हिंग, तिथे कंट्रोलर बंद होण्याची वेळ दहा मिनिटं ठेवा. खेळता खेळता जेवायला उठणाऱ्यांची सगळ्यात जास्त बॅटरी इथेच जाते. त्याच पानावर रेस्ट मोडमध्ये यूएसबीला वीज ‘तीन तास’ ठेवा. ड्युअलसेन्स भरायला साधारण तेवढाच वेळ लागतो. पीएस४ वर अशीच सोय आहे, आणि ड्युअलशॉकला दोन तास पुरतात.

सोनीच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी १० ते ३० अंश तापमान सांगितलंय, आणि वापरात नसेल तरी वर्षातून एकदा पूर्ण चार्ज करायला सांगितलंय. हे दुसरं वाक्य कोणी वाचत नाही. दोन वर्षं कपाटात पडलेला कंट्रोलर केबल लावूनही उठत नाही, तो बहुतेक वेळा याच कारणाने. ‘पूर्ण उतरवून मगच चार्ज करा’ हा जुना सल्ला मात्र लिथियमला उलट त्रासदायक आहे, तो विसरा.

बॅटरीची क्षमता किती उरली आहे हे स्क्रीनवरच्या तीन पट्ट्यांवरून कळणार नाही. ड्युअलसेन्स मुळातच दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी पातळी कळवतो; लिनक्सला जोडला तर ५, १५, २५ असे आकडे दिसतात ते म्हणूनच. यूएसबीचा छोटा मीटर घ्या, जो व्होल्ट, अँपिअर आणि मिलिअँप-अवर दाखवतो. कंट्रोलर आपोआप बंद होईपर्यंत खेळा. चार्जर, मीटर, केबल, कंट्रोलर असं जोडा, मीटरचा आकडा शून्य करा, आणि नारिंगी दिवा विझेपर्यंत कंट्रोलरला हात लावू नका. चार्जिंगमध्ये थोडी घट-वाढ धरली तरी ड्युअलशॉकचा आकडा हजाराच्या आसपास यायला हवा. पाचशेच्या खाली आला तर सेटिंग बदलून काही होणार नाही, बॅटरी बदला.

बदलणं अवघड नाही. ड्युअलशॉक ४ च्या पाठीवर चार फिलिप्स स्क्रू असतात, ००चा स्क्रूड्रायव्हर लागतो. स्क्रू काढून जुनं एटीएम कार्ड किंवा गिटारचं पिक खाचेत घालून कडेने फिरवा. दोन्ही अर्धे झटक्याने ओढू नका, आत त्यांना जोडणारी रिबन केबल आहे, आणि एल२-आर२ च्या स्प्रिंगा उडून सोफ्याखाली जातात. बॅटरीचा प्लग नखाने किंवा चिमट्याने डावी-उजवीकडे हलवत काढा, तारांना धरून नाही. ड्युअलसेन्सला एक पायरी जास्त: पुढची काळी पट्टी आणि एल१-आर१ ची बटणं आधी काढावी लागतात, स्क्रू त्यांच्याखाली लपलेत.

नवी बॅटरी मागवण्याआधी पाठीवरच्या स्टिकरवरचा नंबर वाचा. सीयूएच-झेडसीटी१ आणि सीयूएच-झेडसीटी२ यांचे प्लग वेगळे आहेत. स्टिकर पुसला गेला असेल तर टचपॅडच्या वरच्या कडेला उजेडाची बारीक रेघ दिसते का बघा; दिसली तर तो झेडसीटी२. प्लग बसला तरी लाल आणि काळी तार जुन्या बॅटरीच्याच बाजूला आहे का हे जोडण्याआधी पाहून घ्या. आणि ‘२००० मिलिअँप-अवर, दुप्पट खेळा’ वाल्यांच्या नादी लागू नका. शंका असेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. ३.७ व्होल्टला खरे २००० मिलिअँप-अवर भरायला पस्तीसेक ग्रॅमचा ऐवज लागतो. जुन्या हजारवालीइतकीच हलकी भरली तर आत हजारच आहेत, किंवा त्याहून कमी. जुनी फुगलेली निघाली तर तिला टोचू-दाबू नका, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

नवी बसवल्यावर झाकण लगेच पक्कं करू नका. दोन स्क्रूंवर ठेवा, एकदा पूर्ण उतरवून त्याच मीटरवर चार्ज करा, आणि आकडा सहाशेवर अडकला तर परतीची मुदत आहे तोवर पाठवून द्या.